खिट्टी

"उद्या सकाळी सगळे सांधे वेल्डिंग करून टाकायचे, मग सभेला विचारल्याशिवाय कुणी घर सोडवायचं नाही," अध्यक्ष दामोदर वैतींनी ठराव वाचला. "वर्षभरात तीन घरं खिट्टी काढून निघून गेली. असंच चाललं तर समुद्रावर नगर राहणार नाही, नुसते भरकटलेले तराफे उरतील."

सभा नेहमीसारखी चांगुणामावशींच्या अंगणात भरली होती. या तरंगत्या नगरातला पहिला तराफा त्यांचाच. बाकीची घरं एकेक करून लोखंडी खिट्ट्यांनी त्याला जोडली गेली होती.

मावशी उठल्या. "सभेचं पटलं नाही तर खिट्टी काढायची आणि घर घेऊन चालू पडायचं, हा आपला पहिला नियम. खिट्टी निघते म्हणून तर सभा आमचं ऐकते. किनाऱ्यावर कोण ऐकत होतं?"

"मावशी, मतदान घेऊ या."

एकेचाळीस हात ठरावाच्या बाजूने वर झाले. विरोधात एकच.

"मंजूर!"

मावशी अंगणाच्या कडेला गेल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी तिथल्या खिट्टीवर हातोडीचा एक घाव घातला. बाकीच्या खिट्ट्या त्यांनी सभेआधीच काढून ठेवल्या होत्या. अंगण हललं. शेजारचा तराफा हातभर लांब गेला, मग पुरुषभर. एकेचाळीस माणसं अंगणातून आपापली घरं दूर जाताना बघत राहिली.

"मावशी!" दामोदर ओरडले. "कुणाला विचारून काढलीस?"

मावशींनी ग्रीसने माखलेली खिट्टी त्यांच्या ठरावावर ठेवली.

"विचारायचं उद्यापासून आहे ना?"