पाच पावलं

रामहरीनं चौकड्यांची वही बायकोपुढं धरली आणि मनिषानं एका नजरेत त्याची चूक पकडली.

"अवो, दुसरी ओळ पण डावीकडूनच मोजली कावून? वायर काय उडी मारून तिकडं जाती का?"

रामहरी डोकं खाजवायला लागला. दोनशे दिवे एकाच वायरीत ओवलेले. पहिली ओळ उजव्या टोकाला पोचली की वायर तिथंच वळणार आणि दुसरी ओळ माघारी येणार, तासाच्या टोकाला नांगर वळतो तशी. विसाव्या दिव्याच्या डोक्यावर एकविसावा. दिवे पेटवणाऱ्या मोबाइलला हे नीट सांगितलं नाही तर चित्राचा बट्ट्याबोळ ठरलेला. नारायणगडच्या जत्रेत एका डेकोरेशनवाल्याच्या हाताखाली राबून, मजुरीऐवजी हे पिक्सेलचे दिवे मागून आणणाऱ्या गड्याला जे सुचलं नाही, ते चौथी शिकलेल्या बायकोला सुचलं. तिच्या लेखी ती ठिपक्यांची रांगोळीच होती. फरक इतकाच की इथला प्रत्येक ठिपका सांगाल तेव्हा पेटायचा आणि सांगाल तेव्हा विझायचा.

चित्रही तिचंच. लक्ष्मीची पाच पावलं. भिंतीच्या डाव्या टोकाला पहिलं पाऊल उजळणार, ते विझलं की दुसरं, मग तिसरं, असं करत पाचवं थेट दारापाशी. पावलं तिनं पेन्सिलीनं काढली होती, चुकली तर खोडता यावीत म्हणून. उजव्या कडेचं दार मात्र निळ्या पेनानं काढलं होतं, उंबऱ्यासकट, कडीसकट. दाराबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. उन्हाळ्यातच ते बसवलं होतं.

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि आठही दिवाळ्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत गेल्या होत्या. यंदा घर झालं होतं. भाऊबीज झाल्यावरच ट्रक आणतो, असा शब्द मुकादमानं दिला होता. वसुबारस चार दिवसांवर आली होती आणि मनिषा इतकी खुश होती की तिला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटत होतं.

अंगणात मोटारसायकल थांबली. राधाकिशन मुकादम खालीसुद्धा उतरला नाही.

"रामहरी, भांडी बांध. कारखान्याचा बॉयलर पेटला. सांच्याला ट्रक येतोय."

"अण्णा, भाऊबिजेनंतर म्हणलं होतं तुमी."

"मी म्हणलो होतो. कारखान्याला कोण सांगणार बे?"

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि यांच्या कोयत्याची उचल, हंगामाचे आगाऊ पैसे, मुकादमाकडून जूनमध्येच घेऊन झाली होती. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

मुकादमाची नजर ओसरीवरच्या दिव्यांच्या वेटोळ्यावर गेली. त्यानं सगळं विचारून घेतलं. ऐकताना त्याचा चेहरा खुलला.

"लई भारी की! पण तुमी तर न्हाई दिवाळीला. बंद घरात उंदरं कुरतडतील. माझ्या बंगल्यावर लावतो. पोर्चची भिंत मोकळीच हाय. वयनी, वही पण द्या. तासाभरात माझा गडी सटवा येईल. आन् फोटू धाडतो तुमाला, फडात बसून बघा."

तो हे चांगल्या मनानं बोलत होता. मनिषाला तेच सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर तिला निदान उलटून बोलता आलं असतं.

गाडी गेली. रामहरी ताटं पोत्यात भरायला लागला. मनिषा वही मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिली. हे दार, ही भिंत, हे अंगण तिला एकदम परक्याचं वाटायला लागलं.

मग तिच्या ध्यानात आलं. दरवर्षी निघताना टोळी त्या बंगल्यासमोरच जमायची. पोर्चची ती भिंत तिनं तासन् तास बघितली होती. तिथलं दार डाव्या अंगाला होतं. ही वही अशीच गेली, तर लक्ष्मी मुकादमाच्या दारातून निघून बाहेर चालायला लागणार होती. एकेक पाऊल, सगळ्या गावादेखत, दिवाळीभर.

क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की हसूच आलं. चालू दे. अशीच चालू दे.

थोड्या वेळानं तिनं रबर घेतलं.

"आता काय खोडतीस?" रामहरीनं विचारलं.

"त्यांचं दार डावीकडं हाय. पावलं फिरवाय लागतील."

"फिरवू नगं!" त्याच्या हातातलं ताट दणकन खाली पडलं. "जाऊ दे निघून त्याच्या घरातून!"

"आपल्याकडं तर यायची न्हाई ती यंदा," मनिषा वहीवरची नजर न काढता म्हणाली. "मग तिला रस्त्यावर कावून सोडू? कुठंतरी पोचू दे."

तिनं पाचही पावलं खोडली. अंगठे डावीकडं करून पुन्हा काढली. प्रत्येक दिव्याचा नंबर नव्यानं लिहिला, माघारी येणाऱ्या ओळींसकट, एकही न चुकता. शेवटी ती दाराकडं वळली. पेनाचं दार निघेना. दोनदा घासल्यावर कागद विरायला लागला, तेव्हा तिनं नाद सोडला.

सटवा आला. मनिषानं वही त्याच्या हातात दिली. उजव्या कडेला तिच्या घराचं निळं दार तसंच होतं, उंबऱ्यासकट, कडीसकट, आणि पाचही पावलं त्याच्याकडं पाठ करून चालली होती.