फेरमोजणी

औषधाने उंदराच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कमी होतात, हे तिला सिद्ध करायचंच होतं. याच औषधाची वाट बघत आई गेली होती.

औषध दिलेल्या उंदराच्या गाठीचा पातळ काप काचेवर रंगवून ठेवला होता. सकाळी तिने सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या मोजल्या, चौदा भरल्या. दुपारी पडताळणीसाठी पुन्हा मोजल्या, तर सतरा.

"ताई, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," काप करून देणारे काका हसले. "उंदीर मरून महिना झाला. मेल्यावर काही वाढतं का?"

"मग तुम्हीच मोजा ना, काका."

काकांनी पुटपुटत मोजलं. "अठरा," ते म्हणाले. मग हसणं विसरून त्यांनी काच उचलायला हात पुढे केला. "टाकून देतो ही. दुसरा काप करू."

"राहू द्या. हिचा छडा लावल्याशिवाय मी उठत नाही."

तिने काच चिमटीत धरून पुन्हा डोळा लावला. अठरा जागच्या जागी होत्या. एकोणिसावी मात्र कापाची कड ओलांडून कोऱ्या काचेवर उतरली होती, बारीक आणि लाल. ती कुठवर गेलीय ते बघायला तिने काच हळूहळू सरकवली. वाहिनी संपेना. शेवटी भिंगाखाली तिच्याच अंगठ्याची कड आली, आणि वाहिनी तिथेही थांबली नव्हती.