तोंडाचा साचा

सिनेमातला राक्षस घडवायचा, तर आधी नटाच्या तोंडाचा साचा घ्यावा लागतो. मुखवटेवाल्याने नटाला खुर्चीत बसवलं, नाकात श्वासापुरत्या दोन नळ्या खोचल्या आणि सगळा चेहरा प्लास्टरने लिंपून टाकला. "आता वाळेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. ओठ हलला की राक्षस वाकडा!"

सोबत आलेल्या नटाच्या बायकोने हे ऐकलं मात्र, पर्स बाजूला ठेवली, स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या कानाशी बोलायला सुरुवात केली.

प्लास्टर खडखडीत वाळलं. मुखवटेवाला ते काढायला पुढे झाला, तशी ती डाफरली, "थांबा हो! आत्ता कुठे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षात आलेय."

घरी जेवताना मुखवटेवाल्याने हा किस्सा आपल्या बायकोला असा रंगवून सांगितला, की हसता हसता त्यालाच ठसका लागला. बायको काही हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "आणि त्यांना खरंच मध्ये बोलता आलं नाही?"

सकाळी तो कारखान्यात पोचला, तर बादलीत प्लास्टर कालवून तयार होतं. हातात दोन नळ्या घेऊन बायको खुर्चीमागे उभी होती.



"बसा. आधी माझी आई बोलणार आहे."