अर्धा कप चहा

रोबोटचे चारही हात प्लास्टिकमध्ये गुंडाळून तयार होते आणि सर्जन कोपऱ्यातल्या पडद्यासमोर जाऊन बसले होते. भूल देणाऱ्या सुकेशनीनं केनवडहून आलेल्या जानरावांना शेवटचं विचारलं, "मामा, रातच्यापासून काई खाल्लं काय?" "अन्नाचा कन नाई." सुकेशनी स्वतः तिकडचीच, इंझोरीची, म्हणून तिनं पुढचंही विचारलं. "आन् च्या?" "तो घेतला ना सकाळी, अर्धा कप. च्याले कोनी खानं म्हनते काय?" तिनं हातातली सिरिंज खाली ठेवली. हृदयाच्या या ऑपरेशनमध्ये एक फुप्फुस मिटवून ठेवावं लागतं. भुलेत असताना पोटातला दुधाचा चहा वर येऊन दुसऱ्यात उतरला, तर रोबोटच्या हातांखालून माणूस परत आणणं अवघड. "आज नाही," ती म्हणाली. सर्जन चिडले, "अर्ध्या कपासाठी?" ती बाहेर आली. जानरावांची बायको अंजना थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. कारण ऐकताच तिनं तो पदराखाली लपवला आणि ती रडायला लागली. "लय भेले होते वो म्याडम. म्याच पाजला." सुकेशनी तिच्या शेजारी बाकावर बसली. "मावशी, आपरेशन उद्या होईन. मामाले काई झालं नाई." मग पदराआडून दिसणाऱ्या थर्मासकडे बघत म्हणाली, "माह्या बापालेबी आपरेशनच्या सकाळी म्याच पाजला होता. तवा मले च्याचं कोनी विचारलंच नाई."