तिसरी ओळ

लेकीने पट्टी पुन्हा लावून पाहिली. तिसऱ्या ओळीतला झेंडू चौदा सेंटिमीटर! शेजारच्या दोन्ही ओळी आठावरच अडकलेल्या.

पहिल्या ओळीच्या कुंड्यांत तिने शिसं मिसळलं होतं, दुसरीच्या कुंड्यांत कॅडमियम आणि तिसरीत दोन्ही. एकेकटा धातू रोप खुरटवतो, मग दोघांनी मिळून तर त्याचं कंबरडंच मोडायला हवं होतं. तिचा तीन वर्षांचा प्रबंध एवढ्याच म्हणण्यावर उभा होता. आणि इथे दर सोमवारच्या मोजणीला तिसरी ओळ आपली खुशाल डुलत होती.

पहिला संशय बाबांवरच. काचघर त्यांच्याच रोपवाटिकेतलं, पाणी घालणारेही तेच. त्यातून मरतं रोप त्यांना बघवत नसे.

"बाबा, खरं सांगा. माती बदललीत?"

"तुझी शपथ, चिमूटभरसुद्धा नाही."

"खत?"

"अगं, पहिल्याच दिवशी दम भरलास ना मला? माती नाही, खत नाही, पाणी मापातलं. तसंच चाललंय."

तरी तिने माती तपासायला पाठवली. अहवाल आला. दोन्ही धातू जागच्या जागी, घातले होते तेवढेच! लेक टेबलाभोवती चक्क नाचली. दोन विषं एकमेकांचीच जिरवत होती. जुना प्रबंध गेला खड्ड्यात, हाती त्याहून मोठं काहीतरी लागलं होतं.

मार्गदर्शक बाई एरवी हसायलाही कंजूस, पण त्या दिवशी स्वतः काचघरात आल्या आणि तिची पाठ थोपटून म्हणाल्या, "नाव काढलंस! आता कुंड्या पुरे. बंद कारखान्यामागे याच दोन धातूंनी नापीक पडलेली एकरभर जमीन मिळतेय, तिथे लावून दाखवू."

लेकीचे डोळे भरून आले. बाबांची तर छाती शर्टात मावेना.

"काका, एकराला रोपं किती लागतील?" बाईंनी विचारलं.

बाबांनी बोटांवर अंदाज केला. "लावायला वीस हजार. आणि नांग्या भरायला दर आठवड्याला आणखी वीस हजार."

"नांग्या म्हणजे?"

"मेलेल्याच्या जागी, ते जिथून आणलं त्याच वाफ्यातलं दुसरं लावायचं, बाई. प्रत्येक माळी करतो. त्या दोन ओळींत कधी गरज पडली नाही, पण या तिसरीतली मात्र दर रविवारी सगळीच्या सगळी बदलतो मी."