फुंकर

निवृत्तीच्या आदल्या दिवशी वरदाबाईंनी चांद्रवसाहतीच्या शाळेत विमान कसं उडतं ते शिकवायला घेतलं. पृथ्वीवर असताना त्यांनी वीस वर्षं विमानांचे पंख आखले होते. वर्गातल्या नऊही मुलांचा जन्म मात्र इथलाच. विमान त्यांनी फक्त चित्रात पाहिलेलं.

बाईंनी कागदाची लांब पट्टी ओठांखाली धरली. तिचं टोक खाली झुकलं.

"मी आता वरून फुंकर मारणार. हवा पट्टीच्या वाकलेल्या पाठीवरून खाली वळेल, आणि त्याच जोरानं पट्टी वर उचलली जाईल. विमानाच्या पंखाचंही असंच असतं. नीट बघा हं."

"पण बाई, फुंकायचं नसतं!" पुढे बसलेली मृण्मयी घाबरून म्हणाली.

बाई थबकल्या. तो नियम त्यांचाच होता. पहिल्या वर्षी काचेच्या चुऱ्यासारखी इथली धूळ दोन तान्ह्या मुलांच्या छातीत गेली, तेव्हा त्यांनी सगळे पंखे बंद करायला लावले आणि बालवाडीचा पहिला धडा हाच ठेवला. धूळ गाळणारी यंत्रं येऊनही आता सात वर्षं झाली होती. तो धडा काढायचं मात्र राहूनच गेलं.

"आता चालतं गं," असं म्हणून त्यांनी फुंकर मारली.

पट्टी थरथरत उठली आणि सरळ झाली. बाईंनी हसून वर्गाकडे पाहिलं.

नऊच्या नऊ मुलं डोळे घट्ट मिटून, कोपरात नाक खुपसून बसली होती. बाईंनी शिकवलं होतं, अगदी तशीच.