जोडीचे अभ्रे

"एवढं नाव उसवून मिळेल का हो?" बाईंनी विचारलं आणि उशीचा अभ्रा कुंदाच्या पुढ्यात ठेवला.

आकाशी कापडाच्या जोडीतला तो एक. मधोमध वेलीचं कडं, आणि कड्यात लाल रेशमानं भरलेलं 'कुंदा'. दुसऱ्या अभ्र्यावरही तसंच कडं होतं, पण आत काहीच नव्हतं.

"मिळेल," कुंदा म्हणाली. "थोडं थांबावं लागेल."

मुलुंडच्या महिला मंडळाचा मेळा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. हातानं केलेल्या वस्तूंचा मेळा असं फलकावर लिहिलं होतं. गर्दी मात्र बटाटेवड्यांवर होती. वडे खाऊन झाले की लोक भरतकाम बघायला येत, आणि तेलकट बोटांनीच बघत. चौकातल्या माचावर कुणाची तरी मुलगी पेटीवर भावगीत म्हणत होती आणि कर्णा ते सगळ्या गल्लीच्या कानात ओतत होता. दुपारपासून बसून कुंदाची पाठ आणि चेहऱ्यावरचं हसू, दोन्ही आखडली होती.

तिच्या बाकावरचं सगळं सामान एकाच ट्रंकेतलं होतं. मण्यांचं तोरण, लोकरीचा पोपट, क्रोशाचे रुमाल. तिच्या रुखवताचं. लग्नात मुलीच्या हातचं म्हणून मांडतात ते. दर उन्हाळ्यात गॅलरीत उन्हाला टाकायचं आणि परत घड्या घालायच्या, एवढंच त्याचं आजवर झालं होतं. आता धाकट्या नंदकिशोरचं लग्न ठरलं होतं. बहिणीचं झालं की करू म्हणत तो तरी किती थांबणार? दोन खोल्यांच्या घरात नव्या सुनेच्या ट्रंकेला जागा हवी. ती कुंदानंच काढून दिली, आणि मेळ्यात सगळं विकून टाकू हेही तीच म्हणाली. एकदाचं संपावं, इतकंच तिला हवं होतं. तोरण गेलं होतं, पोपट गेला होता, रुमालही गेले होते. अभ्रे गेले की ट्रंक रिकामी.

बाईंबरोबर त्यांची मुलगी होती, क्षमा. तिचं लग्न वैशाखात. मुलीला सुई धरता येत नाही आणि रुखवत तर मांडायलाच हवं, हे बाईंनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

"कोण हो ही कुंदा?" बाईंनी विचारलं.

"होती एक. तिनं घाई केली."

"घाईच म्हणायची! सासरी नाव बदलणार हे ठाऊक नको? दोन्ही कोरे ठेवावेत, नावं कळली की मग घालावीत." बाई हसल्या. "आमच्या क्षमाचं काय ठेवतायत, अजून पत्ता लागू देत नाहीत."

हेच मावशीनंही सांगितलं होतं, अभ्रा भरून झाल्यावर. तेव्हा कुंदा नुकती मॅट्रिक झाली होती. तिला वाटलं होतं, बदललं तर बदललं; उशीवर तरी आपलं राहील.

तिनं कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. आधी वरची रेघ निघाली, मग अक्षरं सुटी झाली. टाके काही केल्या सुटेनात. आपलंच काम इतकं पक्कं असल्याचा तिला राग आला. शेवटचा धागा ओढून काढला तेव्हा कड्यात दोरा उरला नाही, पण नाव होतंच. वर्षानुवर्षं ऊन खाऊन सगळा अभ्रा विटला होता; दोऱ्याखालचं कापड तेवढं पहिल्यासारखं आकाशी राहिलं होतं.

"दिसतंय की अजून," क्षमा म्हणाली.

"वर एखादं फूल भरून घेऊ," बाई म्हणाल्या. "द्या बांधून."

तेवढ्यात कुंदाची आई पन्ह्याचा पेला सांभाळत गर्दीतून आली. "कुंदे, घे गं हे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

बाईंचा पुढे आलेला हात थांबला. त्यांनी कुंदाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गळ्याकडे. गळ्यात काही नव्हतं.

"हे तुमचंच का?"

"हो."

"म्हणजे मांडायचं राहूनच गेलेलं." बाई हे तोंडातल्या तोंडात बोलल्या. दुसरा अभ्रा क्षमाच्या हातात होता, तोही त्यांनी काढून घेतला आणि अगदी जपून बाकावर ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका हं. मुलीचं शुभकार्य आहे, उगीच मनाला रुखरुख नको. चल गं, क्षमा."

क्षमा मागे वळून बघत बघत गेली.

आईचा चेहरा पडला. "माझी मेलीची जीभ! जरा थांबून बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

"राहू दे गं, आई."

आई बाकाच्या कडेला टेकली. उसवलेला अभ्रा हातात घेऊन तिनं कड्यावरून बोट फिरवलं. "आता दोन्ही कोरेच झालेत," ती हळूच म्हणाली. "ठेवून देऊ या का परत? नंदूला मी सांगते. दोन अभ्र्यांना कितीशी जागा लागणार? कोण जाणे, कधी..."

कुंदाला आईचा राग आला नाही. रागवायलाही अंगात काही उरावं लागतं. तिनं पन्हं संपवलं आणि आईच्या हातातून अभ्रा घेतला. सामान बांधून आणलेलं जुनं लुगडं गुंडाळून त्यात कोंबलं, बाकावर ठेवलं, दोन्ही हातांनी थापटलं. मग त्यावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

"अगं, भर गल्लीत? आणि चुरगळेल ना तो! कुणी विचारलं तर काय सांगू?"

"वापरातला आहे म्हणावं."